काउंटरमागे बसलेल्या भावास



तू टपाल सहायक झाल्याचे पेढे आमच्या बिल्डिंगमध्ये वाटून झाले. आईने शिरगावात किती घरी दिले ते तिलाच ठाऊक. आता पेढ्यांनंतरचं बोलते. फोनवर हा विषय काढला की तू ‘हो ताई, हो ताई’ म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहायला बसले. मासिकाला देते आहे, कारण आधी ग्रामीण डाकसेवक, मग पोस्टमन, मग खात्याची परीक्षा देऊन टेबलाशी येणारा तू एकटा नाहीस. एमआयडीसीत मशीनवरून स्टोअरच्या रजिस्टरापाशी आलेले, विजेच्या खांबावरून ऑफिसात आलेले, एसटीच्या दारातून डेपोच्या खिडकीत आलेले, असे पुष्कळ जण आपल्याच भागात आहेत. तेव्हा हे पोस्टकार्डासारखं उघडं पत्र समज. वाटेत कुणी वाचलं तर वाचू दे. तूही इतकी वर्षं लोकांची पोस्टकार्डं न वाचल्याचं सोंग करत आलास.

परवा तू म्हणालास, दिवसभर सायकल मारून दमायचो नाही तेवढा बसून दमतो, आणि रात्री झोप मात्र येत नाही. आई मागून म्हणाली, “होईल सवय.” होईल, यात शंकाच नाही. मला भीती आहे ती त्याचीच. बोईसरला हिशेबाच्या टेबलाशी माझी उभी हयात बसून गेली, तेव्हा ही सवय कशी लागते ते मला विचार. आधी पाठ बोलते. काही महिन्यांनी ती बोलायची थांबते आणि आपल्याला वाटतं, जमलं. मग समोरच्या कपाटातली फाईल आपण शिपायाला आणायला सांगायला लागतो. मग एक दिवस गाडी दुसऱ्या फलाटावर लागते, पूल चढताना मध्येच उभं राहावं लागतं, आणि बाजूने जाणारी कोळीण डोक्यावर पाटी घेऊन आपल्या पुढे निघून जाते. काम कमी झाल्याची नोंद शरीराने केव्हाच केलेली असते, आपल्याला फक्त कळवलेलं नसतं.

तुझ्यासारख्यांवर लंडनमध्ये कधीच अभ्यास होऊन गेला आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तो 1953 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला. सुरुवात त्यांनी बसवाल्यांपासून केली. बस तीच, रस्ते तेच, धूर तोच, पण ड्रायव्हर पाळीचा नव्वद टक्के वेळ बसून, आणि कंडक्टर दुमजली बसचा जिना दिवसभर वर-खाली करणारा. दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या तो चढायचा. आपल्या बेस्टच्या डबलडेकरमध्ये टिकटिक वाजवत वर येणारा कंडक्टर आठव, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल. सुमारे 31 हजार कामगारांच्या नोंदी पाहिल्यावर दिसलं, की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, झालाच तर उशिरा आणि सौम्य होतो. पहिल्याच झटक्यात माणूस जाण्याचं प्रमाण ड्रायव्हरांमध्ये जास्त. मग मॉरिस टपालखात्याकडे वळले. एकीकडे पायी किंवा सायकलवर पत्रं वाटणारे पोस्टमन, दुसरीकडे टेलिफोनवर बसणारे आणि कारकून. चित्र तसंच निघालं. म्हणजे भाऊ, बढतीच्या दिवशी तू त्यांच्या तक्त्यातल्या एका रकान्यातून उठलास आणि दुसऱ्या रकान्यात जाऊन बसलास.

यावर तू म्हणशील (परीक्षेला बसल्यापासून तुला शंका फार यायला लागल्या आहेत), की मुळात जाडे लोकच ड्रायव्हर होत असतील तर? शंका बरोबर आहे. ती त्या लोकांनाही आली. 1956 साली त्यांनी बसवाल्यांच्या गणवेशांच्या मापांचे कागद काढले. कोणत्या वयाच्या माणसाला किती कमरेची पँट दिली, हे शिंप्याकडे लिहिलेलं असतंच. ड्रायव्हरांच्या पँटी खरंच जास्त कमरेच्या निघाल्या, आणि तरुण ड्रायव्हरांच्यासुद्धा. म्हणजे थोडा फरक माणूस कामाला लागतानाच होता. सगळा दोष खुर्चीवर ढकलता येत नाही. मला हा दुसरा अभ्यास पहिल्यापेक्षा आवडतो, कारण त्यात स्वतःचंच म्हणणं तपासण्याचा प्रामाणिकपणा आहे. तुझ्या कामाची एक युक्तीही त्यात सापडते. वजनकाटा घेऊ नकोस, तो रोज वेगळं सांगतो. तुझी जुनी खाकी पँट आईने ट्रंकेत ठेवली आहे. महिन्यातून एकदा ती चढवून बघ. कमरेचं बटण काय सांगतं तेवढं ऐक. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या पुढे गेली की आपल्याकडचे डॉक्टर मधुमेहाची आणि हृदयाची चौकशी सुरू करतात, हेही लक्षात ठेव. आपल्या लोकांत दंड-पाय बारीकच राहतात आणि पोट तेवढं पुढे येतं, त्यामुळे नुसत्या वजनावर जाऊ नये.

आता डब्याचं. आई अजून पोस्टमनचा डबा भरते आहे, हे मला तुझ्या बायकोने सांगितलं. (तिचं नाव पुढे करू नकोस.) तांदळाच्या भाकऱ्या तेवढ्याच, भात तेवढाच, वर संध्याकाळी काउंटरवरच्या मंडळींबरोबर वडापाव, तो नवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली जे आकडे दिले, त्यात 65 किलोच्या पुरुषाला बैठ्या कामात दिवसाला 2110 किलोकॅलरी लागतात, मध्यम कष्टाच्या कामात 2710. मधला फरक सहाशेचा. तो ढोबळमानाने तीन भाकऱ्यांएवढा. म्हणजे खुर्चीवर बसल्या दिवसापासून तुझ्या ताटातल्या तीन भाकऱ्या बिनकामाच्या झाल्या.

मग भूक आपोआप कमी का होत नाही? इथे गंमत आहे. कोलकात्याजवळ चेंगाइलला लडलो कंपनीची ताग गिरणी होती. तिथल्या 213 माणसांचं वजन, काम आणि खाणं ज्याँ मेयर, पूर्णिमा रॉय आणि के. पी. मित्र यांनी तपासलं, आणि 1956 साली ते प्रसिद्ध झालं. कोळसा ओढणारे, गाठी वाहणारे, विणकर, मुकादम, कारकून, गिरणीच्या आवारात दुकान मांडून बसणारे, सगळे त्यात होते. कष्ट वाढत जातात तसं खाणं वाढतं, हे अपेक्षेप्रमाणे आलं. पण दुसऱ्या टोकाला भलतंच दिसलं. अगदी बसून असणारे लोक हलकं काम करणाऱ्यांपेक्षा कमी नाही, जास्त खात होते, आणि वजनालाही तेच भारी होते. कामाच्या एका पातळीच्या खाली गेलं की भूक हिशेब ठेवायचं सोडून देते, असा त्यांचा निष्कर्ष. एका गिरणीतला, जुना अभ्यास आहे. त्यावर सगळं जग तोलू नये. पण दुपारी चारला माझ्या टेबलाच्या खणात फरसाणाचा पुडा का असतो, याचं दुसरं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. त्या गिरणीत लांबून चालत येणारे कारकूनही होते, पण दुकानदारांसारख्या भारी माणसांत त्यांची गणना झाली नाही. काम तेच लेखणीचं. रस्त्याने त्यांना वाचवलं.

आईला मात्र हे आकडे सांगू नकोस. ‘माझ्या हातचं जास्त झालं का’ असं म्हणून ती दोन दिवस बोलायची नाही. भाकरी कमी करून तिच्या जागी वाडीतली भाजी वाढव, बोंबील-जवळा खुशाल खा, आणि वडापाव सोडून दे. एवढं गुपचूप होण्यासारखं आहे.

पण एक सांगते. तुझी जुनी नोकरी म्हणजे फुकटचं व्यायामघर होतं आणि आता तू बंदिवासात पडलास, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. आमच्या कंपनीच्या गेटवर माथाडी पोती चढवतात-उतरवतात. दिवसभर अंग मोडून काम करणारी ती माणसं चाळिशीतच कंबर धरून चालतात. हातपाय हलले की तब्येत चांगली, एवढं सोपं ते असतं तर गावातले सगळे हमाल शंभरी गाठते. डेन्मार्कच्या आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 साली एक लाखावर माणसांची पाहणी छापली. फावल्या वेळात स्वखुशीने केलेली हालचाल हृदयाला पोषक दिसली. नोकरीतले जड कष्ट तसे दिसले नाहीत, उलट त्यांच्यामागे धोकाच वाढलेला दिसला. कामावर थांबायचं केव्हा हे आपल्या हातात नसतं. ओझं उचलायचं ते उचलायचंच, ताप असला तरी. जुलैच्या धारेत, पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चिखलातून सायकल ढकलत तू स्पीडपोस्ट पोचवायला जायचास, तेव्हा तुझ्या गुडघ्यावर बाम चोळणारी आईच होती ना? खुर्ची मिळाली, छप्पर मिळालं, पगार वाढला. चांगलं झालं. खुर्ची घ्यायची. पण खुर्चीने पायांचं जे काढून घेतलं ते दुसरीकडून भरून घ्यायचं. रडगाणं नको.

आपल्या घरात ही वाट तूच पहिल्यांदा चाललेला नाहीस. आजोबा वाडीत राबले, शिडी लावून माडावर चढले. मग 1969 साली तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, एमआयडीसी आली, आणि मिठागरं-वाड्या-होड्यांच्या ह्या पट्ट्यात सायरनवर उठणारी माणसं तयार झाली. बाबा त्यातले. तीन पाळ्या, मशीनपाशी उभं राहणं. मग माझी पिढी, कंपनीच्या बसमधून उतरून सरळ खुर्चीत. 2014 साली पालघर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, आणि खुर्च्या आणखी वाढल्या. साठ वर्षांत आपण माडावरून खुर्चीत उतरलो. आजोबांना कुणी ‘व्यायाम करा’ म्हटलं असतं तर त्यांनी माणूस आजारी आहे का असं विचारलं असतं.

इथेच खरी अडचण आहे, आणि ती कुठल्या डॉक्टरच्या कागदावर नसते. शिरगावात बिनकामाचं चालता येत नाही. मुंबईत माणूस बूट घालून हात हलवत निघाला तर त्याच्याकडे कुणी बघत नाही. आपल्याकडे तू संध्याकाळी रिकाम्या हाताने रस्त्याला लागलास, की पहिल्या ओट्यावरून विचारणार, “काय रे, कुठे?” दुसऱ्या ओट्यावरून, “कुणाचं काय झालं?” आणि तिसऱ्या ठिकाणी तुला बसवून चहाच देणार. तू तर पोस्टमन. तू दिसलास की लोकांना वाटतं काहीतरी आलं. ‘काही नाही, चालायला निघालोय’ हे वाक्य तुझ्या तोंडून निघणार नाही, हे मी तुला लहानपणापासून ओळखते म्हणून सांगू शकते. तुला लाज वाटेल. चार दिवस तू जाशील, पाचव्या दिवशी पाऊस पडेल, आणि संपलं.

इतकी वर्षं तू चाललास-सायकल मारलीस, ती कधी तब्येतीसाठी नव्हे. कुणाची मनीऑर्डर होती, कुणाचा नोकरीचा कॉल, कुणाच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका. पायांना काम होतं म्हणून पाय निघायचे. म्हणून मी तुला ‘रोज तासभर चाल’ असं सांगणारच नाही. ते माझ्यासारख्या फ्लॅटमध्ये राहणारीला ठीक, आणि मलाही ते मैत्रिणींशी गप्पा मारायच्या असतात म्हणून जमतं. मी तुला कामं सांगते.

पहिलं काम म्हणजे पालघरला ऑफिसात जाणं. शिरगावाहून पालघरचा रस्ता सायकलने तुझ्या पायाखालचा आहे. मासळीचे टेम्पो सुटायची वेळ तेवढी टाळ. मोटारसायकल घ्यायचं तुझ्या मनात आहे, हप्त्याचा हिशेबही मला फोनवर विचारून झाला. एक पावसाळा तरी थांब. जाऊन-येऊन तास-सव्वा तास पाय चालले की फार मोठी गोष्ट होते. 2016 साली उल्फ एकेलंड यांच्या गटाने दहा लाखांवर माणसांची माहिती एकत्र करून दाखवलं, की दिवसाचे आठ तास बसणाऱ्याने रोज साठ ते पंचाहत्तर मिनिटं जरा दमदार हालचाल केली, तर बसण्याचा वाढीव धोका जवळजवळ पुसला जातो. जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा याहून पुष्कळ कमी आहे, आठवड्याला दीडशे मिनिटं. तुझ्याकडे रस्ताही आहे, सायकलही आहे, आणि कुणी ‘कुठे?’ म्हणून विचारलं तर सांगायला उत्तरही आहे. कामावर. साहेब सायकलवरून येतो असं कुणी हसून म्हणालंच, तर हसू दे. खात्याचा पोस्टमन सायकलवरच मोठा झाला.

पावसात सायकल काढू नकोस. आता कुणाचं पत्र अडलेलं नाही. त्या दिवसांत संध्याकाळी उघडीप मिळाली की पोरांना घेऊन किल्ल्यावर जा. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत 1739 साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला आपला शिरगावचा किल्ला. बाहेरून माणसं गाडी करून बघायला येतात आणि आपण लग्नाच्या फोटोंपुरतं जातो. तटावर चढायच्या पायऱ्या आहेत, तो फांद्या फुटलेला ताड आहे, पोरं दहा वेळा वर-खाली करतील आणि त्यांच्यामागे तुलाही करावं लागेल. शेवाळ असेल तर मात्र तट नको, किनाऱ्याने सुरूच्या बनापर्यंत जाऊन या.

काउंटरवरचं मी तुला काय शिकवणार? तरी ऐक. जेवलो की लगेच खुर्चीत बसायचं नाही. ऑस्ट्रेलियात डेव्हिड डन्स्टन यांच्या गटाने 2012 साली दाखवलं, की दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं चालून आलं तरी जेवणानंतरची रक्तातली साखर कमी चढते. आता समोर पेन्शनवाल्या आजी रांगेत उभ्या असताना तू दर वीस मिनिटांनी उठून गेलास तर साखर राहील बाजूला, काठी बसेल. ते जमणार नाही. पण बाटलीऐवजी पेल्याने पाणी पी, म्हणजे उठावं लागेल. व्हाउचर स्वतः नेऊन दे. शिक्के मारायचे असले की उभ्याने मार. मी आमच्या ऑफिसात फोन आला की उभी राहते. सुरुवातीला सगळ्यांना वाटायचं साहेबांचाच फोन आहे. जेवणाच्या सुट्टीत डबा अर्ध्या वेळात संपव आणि उरलेल्या वेळात आवाराला फेऱ्या घाल. तिथे कुणी विचारणार नाही, कारण सुट्टीत बाहेर पडलेला माणूस तंबाखू खायला गेला असंच समजतात. तंबाखू मात्र खाऊ नकोस. रिकामे हात आणि रिकामा वेळ मिळाला की तीच पहिली सवय लागते, हे मी कितीतरी जणांचं पाहिलं.

आणि माणसं. सायकल सुटली त्यापेक्षा तुला तेच लागलं आहे, असा माझा अंदाज. दारोदार पाणी विचारणारे होते, कागद वाचून घेणारे होते, मुलाच्या पगाराची बातमी तुला आधी सांगणारे होते. आता ती माणसं काचेपलीकडे येतात, आणि मागचा माणूस खोकतो. यावर माझ्याकडे उपाय नाही. आपल्या आळीतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांना पालघरपर्यंत येणं होत नाही. त्यांचे फॉर्म घरी जाऊन भरून दे. चालत जा. नियमात बसेल तेवढंच कर, नाहीतर बढतीबरोबर मेमोही यायचा.

बाकी सर्व ठीक. आईची बीपीची गोळी संपत आली असेल, ती दुकान बंद व्हायच्या आत आण. मला सुके बोंबील हवे आहेत, सातपाटीचे, किलोभर. येत्या रविवारी सायकलवर जाऊन घे आणि सोमवारी डहाणू लोकलने येणाऱ्या कुणाच्या तरी हाती बोईसरला पाठव. रिक्षाने गेलास तर मला कळेल. सातपाटीच्या बाजारात माझी शाळेतली मैत्रीण बसते, आणि तिला मी फोन करून ठेवला आहे.

तुझी,
ताई